सातबाऱ्यावरचा पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर जेवढं क्षेत्र आहे त्यातलं निम्म्याहून जास्त पोटखराबा म्हणून लिहिलंय. म्हणजे लागवडीला अयोग्य. मोरणा खोऱ्यात आमचं गाव, पाटणपासून आत, खाली ओढ्याकाठी भाताची चार खाचरं, त्याच्यावर नाचणीच्या पट्ट्या, आणि तिथून जे सुरू होतं ते थेट कड्यापर्यंत रान. जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, कुंभा, मधेमधे उंबर, वर कड्याच्या कडेला बुटकी अंजनी, खाली सगळीकडं कारवी. तलाठ्याच्या कागदात या सगळ्याला एकच शब्द, खराबा. लहानपणी मला वाटायचं की खराबा म्हणजे काहीतरी सडलेलं, आणि तरी आज्जी तिथूनच शिकेकाई आणायची, करवंदं आणायची, आमची गुरं तिथंच चरायची आणि प्यायचं पाणीपण तिथल्याच झऱ्याचं.

मी साताऱ्यात एका ऑफिसात नकाशांचं काम करते. दिवसभर स्क्रीनवर रस्ते, पाइपलाइन, गटांच्या हद्दी. जंगलाशी माझा कामाचा काही संबंध नाही. पण गेल्या डिसेंबरात कराडच्या कॉलेजमधल्या ओळखीच्या एक मॅडम आणि त्यांचे दोन विद्यार्थी आमच्या खोऱ्यातल्या मालकीच्या रानांमधे किती कार्बन साठलाय ते मोजायला येणार होते, त्यांना कुणाचं तरी रान हवं होतं आणि रात्री टेकायला घर हवं होतं, मी म्हणलं आमच्याकडं या, आणि सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर मीपण गेले. त्या पाच दिवसांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

आधी एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं मालकीचं रान दर पंधरा-वीस वर्षांनी तुटतं. व्यापारी येतो, रान बघतो, उक्ता भाव ठरतो, कामगार येतात, महिना-दीड महिना झोपड्या टाकून राहतात आणि डोंगर उघडा करून जातात. लाकूड जातं जळाण म्हणून, भट्ट्यांना, बॉयलरला. मी तिसरीत असताना आमचं तुटलं होतं, शाळेतून येताना ट्रक वाटेत भेटायचे आणि घरात बसल्यावरसुद्धा कुऱ्हाडीचा आवाज यायचा. त्या पैशातून आत्याचं लग्न झालं, घरावर कौलं जाऊन पत्रा आला. त्यामुळं जो रान देतो तो वाईट असं मी कधी म्हणणार नाही. ज्याच्या शेतात वर्षाचा भात पण पुरत नाही आणि पोरं मुंबईला माथाडीत आहेत त्याला पंधरा वर्षांतून एकदा मिळणारी ती एकच मोठी रक्कम असते.

फक्त एक तुकडा कधीच तुटला नाही. झऱ्याच्या वरचा. तिथं म्हसोबाचा दगड आहे, आणि म्हसोबाच्या रानात कुऱ्हाड घालायची नाही हे आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. मोठी देवराई म्हणावी असं काही नाही, असेल एक-दीड एकर, पण आत शिरलं की दुपारीसुद्धा अंधारून येतं आणि गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेली दिसते, तिच्या हातभर लांब शेंगा आम्ही लहानपणी तलवारी म्हणून खेळायचो.

आणि या वेळी व्यापाऱ्यानं तो तुकडासुद्धा मागितला होता. मोठी झाडं तिथंच होती ना.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन निघालो तर तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, पडवीत बसले होते. म्हणाले, "पोरी, झाडं मोजून काय हुणार हाय? व्यापारी बी मोजतोय, तो पैसं तरी देतोय." मला तेव्हा काही नीट उत्तर सुचलं नाही. मी म्हणलं, तात्या तुम्ही चला तर खरं, वाट कोण दाखवणार आम्हाला. आले कोयता घेऊन.

मोजायचं म्हणजे काय ते सांगते, कारण मलापण आधी वाटायचं की हे सगळं आता सॅटेलाइटच करत असेल. प्लॉट आखायचा ०.१ हेक्टरचा, म्हणजे आपल्या हिशोबात दहा गुंठ्याला जरा कमी. चौरस असला तर एक बाजू ३१.६२ मीटर. कोपऱ्यांवर खुंट्या, त्यांना दोरी, जीपीएसवर मधला बिंदू घ्यायचा आणि दाट झाडीत जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं नाचतं म्हणून बराच वेळ एका जागी उभं राहायचं. मग आतल्या प्रत्येक झाडाचा, ज्याचा घेर साधारण ३१ सेंटीमीटरच्या वर आहे त्याचा, छातीच्या उंचीवर घेर मोजायचा. छातीची उंची म्हणजे १.३७ मीटर, साडेचार फूट, ही ठरलेली उंची, माणूस बुटका असो की उंच. मॅडमनी त्यासाठी एक काठीच करून आणली होती, १.३७ वर लाल खूण, ती झाडाला टेकवायची, वरच्या अंगाला उभं राहून, उताराच्या खालच्या अंगाला नाही, आणि खुणेवर टेप गुंडाळायचा. वेल असली तर टेप वेलीच्या खालून सरकवायचा, वेलीसकट नाही. बुंधा खालीच दुभंगला असेल तर दोन झाडं धरायची. बुंध्याला खाली फळ्यांसारख्या मुळ्या फुटल्या असतील तर त्या जिथं संपतात त्याच्या वर जाऊन मोजायचं. प्रत्येक झाडाला खडूनं नंबर, वहीत नाव, घेर, उंची.

नावं सगळी तात्यांनी सांगितली. विद्यार्थ्यांकडं मोबाइलमधे ॲप होतं पानाचा फोटो काढून ओळखायचं, पण डिसेंबरात पान उंच आणि उन्हाच्या विरुद्ध, फोटोत नुसतं काळं. तात्या सालीवरून सांगत होते. कोयत्यानं नखाएवढी साल उचकटायची, वास घ्यायचा, "किंजळ". ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, ती तर मलाही येते ओळखू. मॅडमनी नंतर दोन-तीन ठिकाणी पानं घेऊन तपासलं, एकही चुकलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन प्लॉटची दोरी माझ्या हातात होती आणि दोन्ही मी चुकवले. दोरी मी जमिनीला लागून, उतारावरून सरळ ३१.६२ मीटर ओढली. पण क्षेत्र नकाशावर मोजतात, वरून बघितल्यासारखं आडवं, आणि आमचा डोंगर तिथं तीस अंशाचा आहे. तीस अंशाच्या उतारावर आडवे ३१.६२ मीटर पाहिजेत तर दोरी साडेछत्तीस मीटर सोडावी लागते. जवळपास पाच मीटरचा फरक. रात्री जेवताना मॅडमनी उताराचा कोन विचारला तेव्हा ते लक्षात आलं, मला फार वाईट वाटलं कारण पोरं दिवसभर कारवीतून वाट काढून दमली होती आणि सगळं परत करायचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत दोन पानांवर काट मारली आणि सकाळी आम्ही तिथंच परत गेलो. साडेछत्तीस मीटरवर दोरी नेली तर वरच्या अंगाला आणखी नऊ झाडं आत आली. एवढी झाडं मी उगाच जंगलाबाहेर टाकली असती.

आता म्हसोबाच्या रानातलं सतरा नंबरचं झाड. जांभूळ. आज्जी म्हणते ती लग्न होऊन आली तेव्हासुद्धा एवढंच होतं. एका माणसाच्या कवेत येत नाही, तात्या एका अंगानं आणि मी दुसऱ्या अंगानं टेप धरून बुंध्याला चिकटलो, साल थंडगार आणि ओलसर, शेवाळ्याचा वास, माझ्या कानाजवळून मुंग्यांची रांग चाललेली. घेर २२० सेंटीमीटर. म्हणजे व्यास ७०. उंची कोन मोजून काढली तर १६ मीटरच्या आसपास.

घेर, उंची आणि लाकडाची घनता, या तीन गोष्टी कळल्या की झाड न तोडता त्याचं कोरडं वजन काढता येतं. त्यासाठी सूत्रं आहेत, वेगवेगळ्या देशांतल्या जंगलांमधे हजारो झाडं खरोखर तोडून, तुकडे करून, वाळवून, वजन करून बसवलेली. आता आपण तोडायची गरज नाही. जांभळाचं लाकूड जड, पाण्याच्या साधारण ०.७ पट. त्या सूत्रानं आमच्या जांभळाचं जमिनीवरचं कोरडं वजन आलं जवळपास २.८ टन. वाळल्या लाकडात साधारण ४७ टक्के कार्बन असतो, म्हणजे १.३ टन कार्बन. हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणून मोजायचा तर त्याला ४४ भागिले १२ नं गुणायचं, म्हणजे ३.६७ नं, ते जवळपास पाच टन होतात. एका झाडात.

मग मी त्याच सूत्रात एक कोवळं झाड घातलं, दहा सेंटीमीटर व्यासाचं, सात मीटर उंच, जातही तीच. उत्तर आलं २८ किलो. मी आकडा चुकलाय म्हणून दोनदा परत टाकून बघितला. चुकला नव्हता. तसली शंभर झाडं एकत्र केली तेव्हा आमचं एक जांभूळ होतं. ती शंभर म्हणजे रोपं नव्हेत बरं का, सात मीटर उंचीची उभी झाडं. आणि अजून एक, त्या जांभळाचा व्यास एक सेंटीमीटरनं वाढला तर उंची न वाढताही त्यात जवळपास ८० किलो भर पडते, पोरसवदा झाड एक सेंटीमीटर वाढलं तर पाच-सहा किलोच. त्यामुळं म्हातारं झाड आता काय वाढायचं, तोडा आणि नवीन लावा, हे मी इतकी वर्षं ऐकत आलेय ते मला आता ऐकवत नाही.

म्हसोबाच्या प्लॉटमधे एकूण ५२ झाडं भरली. जमिनीवरचं कोरडं वजन १७ टन, त्यातलं निम्म्याहून जास्त फक्त पाच झाडांचं. मुळांचं वजन खणून कोण काढणार, ते वरच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा धरतात, ते मिळवून दहा टनांच्या आसपास कार्बन, दहा गुंठ्यात. आणि त्याला लागूनच खालचा प्लॉट, जो मी तिसरीत असताना तुटला होता, तिथं बुडख्यांना फुटवे येऊन एका जागी तीन-तीन चार-चार दांडे उभे. तिथं १४० भरली. झाडं पावणेतीनपट आणि वजन सहा टन. तात्या वही बघून म्हणाले, "म्हंजी गर्दी हाय, पर माल न्हाय." मला वाटतं या सगळ्या शास्त्राचं एवढं नेमकं वाक्य मी कुठं वाचलं नसतं.

पण झाडं म्हणजे सगळा हिशोब नाही. कार्बन पाच ठिकाणी असतो असं धरतात, वरचं लाकूड, मुळं, पडलेलं मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. पालापाचोळ्यासाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची आणि आतलं सगळं पिशवीत भरायचं, पानं, काटक्या, फळांच्या बिया, सगळं, मग ते लॅबमधे ओव्हनला वाळवून वजन थांबेपर्यंत मोजायचं. मातीसाठी ३० सेंटीमीटर खोल खड्डा. दीड वितीवर तर आमच्या डोंगरात दगडच लागतो, आणि दगडाचं माप वजा करावं लागतं नाहीतर माती आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हसोबाच्या रानात वरची चार बोटं माती काळी, हातात घेतली की गोळा व्हायचा आणि त्याला पावसाळ्याचा वास. खालच्या तुटलेल्या पट्ट्यात तीच माती तांबडी, रवाळ, मुठीतून सांडणारी. देशाच्या पातळीवर पण असंच आहे, देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी अहवाल काढते, २०२३ च्या अहवालात आपल्या सगळ्या जंगलांचा कार्बन ७,२८५.५ दशलक्ष टन धरलाय आणि त्यात अर्ध्याहून जास्त वाटा मातीतला आहे. म्हणजे डोळ्याला दिसतं त्यापेक्षा पायाखाली जास्त.

पडलेल्या लाकडाचा मात्र एक प्रश्न झाला. आमच्या रानात पडलेलं लाकूड सापडतच नव्हतं. एका विद्यार्थ्यानं वहीत शून्य लिहिलं. घरी आल्यावर आज्जीच्या परसातली फाट्यांची रास बघितली आणि मी त्याला म्हणलं, हे बघ, तुझं मेलेलं लाकूड इथं आहे. आज्जीनं विचारलं काय म्हणतोय तो, मी सांगितलं, तर ती म्हणाली, "वली फाटी कदी तोडली न्हाय म्या. पडल्यालंच आणतीया." सत्तर वर्षं. मॅडमनी ते वहीत टिपलं, कारण शून्य का आहे हे नुसत्या शून्यावरून कधी कळलं नसतं.

आता नकाशाचं. इतके प्लॉट कुणी किती टाकणार, अख्ख्या खोऱ्यात काठी घेऊन फिरणं होत नाही. म्हणून प्लॉटवर मोजलेलं वजन आणि त्याच जागेची सॅटेलाइटची माहिती यांची सांगड घालतात आणि मग जिथं कुणी गेलं नाही तिथला अंदाज काढतात. हे माझं रोजचं काम, त्यामुळं इथं तरी मी उपयोगी पडेन असं वाटलं होतं. साताऱ्यात आल्यावर मी ऑक्टोबरमधली दहा मीटरच्या पिक्सेलची इमेज उघडली आणि आमचं रान शोधलं. म्हसोबाचं रान हिरवं. खालचा १४० दांड्यांचा पट्टा पण हिरवा. त्याच छटेचा. मी रंग ताणून बघितले, वेगवेगळे बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, लावून बघितले, फरक नाही. सॅटेलाइटला वरून पानं दिसतात, आणि पानांचं छप्पर एकदा बंद झालं की खाली बुंधा ७० चा आहे की दहाचा हे पानांवरून कळत नाही. सरकारी व्याख्येत पण एक हेक्टरच्या वर क्षेत्र आणि दहा टक्क्यांच्या वर झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन, मग मालक कुणीही असो आणि झाड कुठलंही असो. वीस वर्षांत अख्खा डोंगर तुटून परत फुटला तरी आकडा हललेला दिसणार नाही.

पानांच्या आत बघायला दुसऱ्या पद्धती आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ च्या डिसेंबरात एक लेसर यंत्र पाठवलं, जेडी नावाचं, ते वरून लेसर सोडतं आणि शेंड्यावरून, फांद्यांवरून, जमिनीवरून तो कसा परत येतो त्यावरून झाडांची उंची काढतं. एक ठिपका २५ मीटरचा. सपाट जमिनीवर ते छान चालतं, पण आमच्यासारख्या तीस अंशाच्या उतारावर त्या २५ मीटरच्या ठिपक्यात वरच्या आणि खालच्या टोकात चौदा-पंधरा मीटरचा फरक असतो, म्हणजे जमीनच एका झाडाएवढी उंच दिसते. रडार ढगातून बघतं, आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही म्हणून त्याला फार महत्त्व. २०२५ च्या ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह, नासा आणि इस्रोचा मिळून, त्याच्या रडारची एक लहर साधारण २४ सेंटीमीटर लांब, ती पानांतून आत जाऊन फांद्यांवर, बुंध्यावर आपटून येते, बारा दिवसांनी परत त्याच जागेवर. मला त्याच्याकडून फार आशा आहे. पण त्या लांबीच्या लहरीलासुद्धा जंगल फार दाट झालं की पुढचा फरक कळेनासा होतो, आणि दाट जंगल म्हणजेच नेमकं आपल्याला जपायचंय ते.

कड्यावरच्या अंजनीचं दुखणं तर आणखी वेगळं. महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंत माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा अशी जंगलं आहेत, वाऱ्यानं खुरटलेली, पाच-सात मीटरच्या वर जात नाहीत. उंचीवरून बघणाऱ्या यंत्राला ते झुडूप. पण अंजनीचं लाकूड एवढं जड आणि टणक की तात्यांचा कोयता उडून मागं आला. त्याच मापाची सावर घेतली, जिचं लाकूड काडेपेटीच्या काड्यांना वापरतात, तर तिचं वजन अंजनीच्या निम्म्याएवढंसुद्धा भरत नाही. जात कुठली हे कळल्याशिवाय वजन कळत नाही, आणि जात सालीवरून ओळखणारी माणसं आता खोऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत.

मधेच एक सांगते, विषय थोडा बाजूचा आहे पण मनात राहिलाय. हे कार्बनचं ऐकून एक-दोघांनी मला विचारलं की मग वरचा सडा मोकळाच पडलाय, तिथं झाडं लावली तर? सडावाघापूरचं पठार असो, कास असो, वरून नुसता कातळ आणि त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत जी फुलं येतात ती खाली कुठं येत नाहीत, कासचं पठार २०१२ साली कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर जागतिक वारशात गेलं ते त्यासाठीच. तिथं खड्डे मारून झाडं लावली तर झाडं जगत नाहीत आणि फुलं जातात. कार्बनच्या नकाशावर सडा फिकट दिसणार, दिसू दे. ती जागा रिकामी नाही.

मग हा नकाशा कशाला? मला तरी त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा वाटतो की कुठं हात लावायचा नाही हे तो बोट ठेवून सांगू शकतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आहे, उत्तरेला कोयना, दक्षिणेला चांदोली, ११६५ चौरस किलोमीटरचा. पण त्याच्या कडेनं, मधल्या चिंचोळ्या भागात, आमच्यासारखी मालकीची रानं आहेत आणि गवा, अस्वल, बिबट्या त्यातूनच येतात-जातात. ही रानं कुणाच्या हिशोबात नाहीत. कार्बनचा नकाशा, जनावरांच्या वाटांचा नकाशा आणि उताराचा नकाशा एकावर एक ठेवले की जे तुकडे तिन्हीत गडद येतील ते आधी. उताराचं मी मुद्दाम म्हणतेय. २०२१ च्या जुलैत आमच्या भागात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या, घरंच्या घरं गेली. त्या दरडी झाडं तुटल्यामुळं आल्या असं मी म्हणणार नाही, तो पाऊसच तसा होता. पण तेव्हापासून पावसाळ्याच्या रात्री आमच्या घरात कुणी गाढ झोपत नाही आणि डोंगराकडं बघायची नजर बदलली ती बदललीच.

कायदा आहे, नाही असं नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या रानातली तोडायलाही परवानगी लागते. पण परवानगी देताना झाडांची संख्या बघतात, आणि संख्या काय सांगते ते आमच्या दोन प्लॉटांनी दाखवलं, ५२ आणि १४०.

पैशाचं पण बोललं पाहिजे. मधल्या काळात एक कंपनीवाले खोऱ्यात येऊन गेले, कार्बन क्रेडिटचे, म्हणजे रान राखून त्यात कार्बन साठवल्याबद्दलचे, पैसे मिळतील म्हणून, तीस वर्षांचा करार, इंग्रजीत, आणि सही आजच्या आज. तात्यांनी तो कागद मला दाखवला. त्यात किती कार्बन कुणी मोजला, कधी मोजला, रान मधेच वणव्यात गेलं तर जबाबदारी कुणाची, यातलं काहीच धड नव्हतं. मला राग आला तो पैसे मिळवायचा मार्ग काढला म्हणून नाही, रान राखणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, पण ज्याच्या सहीवर हे सगळं उभं राहणार त्याला आपल्या रानात काय आहे ते माहीत नसताना सही घ्यायची, याचा राग आला. आपलं आपण मोजलेलं असलं की समोरच्याला दोन प्रश्न तरी विचारता येतात. काठी आणि टेप, एवढंच तर लागतं.

चैत्रात यात्रेला मुंबईची सगळी मंडळी आली. सातबाऱ्यावर आठ नावं आहेत आमच्या, त्यातली दोन माणसं व्हिडिओ कॉलवर. व्यापाऱ्याला उत्तर द्यायचं होतं. मी नकाशा प्रिंट करून नेला होता, रंगीत, पण तो कुणी फार बघितला नाही. तात्याच बोलले. वहीतले आकडे त्यांना तोंडपाठ होते, सतरा नंबरचं जांभूळ, पाच टन, शंभर झाडं. चुलतभाऊ म्हणाला, आकड्यानं पोट भरत नाही तात्या, आणि त्याचंही खरं होतं, त्याच्या पोरीची फी भरायची होती. तीन तास चाललं. शेवटी ठरलं असं की खालचा पट्टा, ओढ्यापासून लांबचा, तो यंदा द्यायचा, त्यातली हिरड्याची आणि जांभळाची झाडं सोडून. म्हसोबाचं रान आणि झऱ्याच्या दोन्ही बाजू द्यायच्या नाहीत. चुलतभावाचा वाटा आम्ही बाकीच्यांनी मिळून भरून दिला. मला सगळंच वाचवायचं होतं, ते झालं नाही. पट्टा तुटला तेव्हा मी गावी गेले नाही, मला बघवलं नसतं.

निघताना आम्ही सतरा नंबरवर १.३७ ला गेरूचा पट्टा मारून ठेवला होता, पुढच्या वेळी त्याच उंचीवर टेप बसावा म्हणून. परवा, पाऊस सरल्यावर, तात्यांचा फोन आला. गेरू धुऊन गेला होता, त्यांनी काठी लावून परत मारला आणि टेप पण लावला. म्हणाले, "दोनशे एकवीस भरलंय गं. तू आल्यावर तुझ्या हातानं बघ, माझा टेप सैल बी असंल." एक सेंटीमीटर घेर म्हणजे व्यासात तीन मिलिमीटर, सूत्रात टाकलं तर पंचवीस किलोच्या आसपास. टेपच्या धरण्यात एवढा फरक पडू शकतो, म्हणून तो आकडा मी अजून एक्सेलमधे टाकलेला नाही. डिसेंबरात जाणार आहे, काठी घरीच ठेवलीय, पडवीत, कोयत्याच्या शेजारी.